बाळंतिणीच्या खोलीतल्या बारा गाठी

मी पाठवलेलं घोंगडं तुमच्या देशाच्या टपालात अडवलं. परत पाठवू की जाळून टाकू, असं विचारणारं पत्र तुम्हाला आलं, आणि तुम्ही दोघंही फोनवर रागावलात. "आजी, एका घोंगड्यानं कुणाला काय होणार? कसले मूर्ख नियम!" मी हसले आणि विषय बदलला. पण चूक माझीच होती. ते घोंगडं कच्च्या लोकरीचं, हातानं कातलेलं होतं. असा माल एका देशातून दुसऱ्या देशात कोणत्या कागदावर जातो, ते कागद मी स्वतः कित्येक वर्षं टाइप केले आहेत. मला आठवायला हवं होतं. आता आठवू लागलं आहे ते थांबत नाही. दुपारी डोळा लागला की लोकरीचा तो तेलकट, गोडसर वास येतो आणि मी परत त्या शेडमध्ये असते. म्हणून लिहून काढते आहे.

पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी सात वर्षांची होते. बिडकीनजवळ आमची शेती. निजामाचं राज्य गेलं तसा वडिलांच्या उर्दूचा कचेरीतला उपयोगही गेला. ते म्हणाले, पोरीला इंग्रजी येऊ द्या, पुढे तीच चालणार. त्यांनी मला शहरात आत्याकडे ठेवलं. त्या इंग्रजीवरच पुढे, लग्न होऊन तुमचा बाप शाळेत जायला लागल्यावर, मला चिकलठाण्याच्या एका कारखान्यात नोकरी मिळाली. तेव्हा या शहराला आम्ही औरंगाबाद म्हणायचो. कारखान्यात लोकर दाबून जाड नमदा व्हायचा, गिरण्यांच्या यंत्रांत लागतो तसा. त्यासाठी लोकर यायची समुद्रापलीकडून, आणि परदेशी मालाचे सगळे कागद माझ्या टेबलावर.

निवडणीची शेड माझ्या खिडकीसमोर होती. छपराला काचेची तावदानं होती. दुपारी तीनच्या सुमाराला तिथून ऊन तिरपं खाली यायचं आणि त्यात लोकरीचे बारीक तंतू तरंगत राहायचे, ना वर ना खाली. खाली बायका लोकर निवडत बसलेल्या. मऊ एका टोपलीत, राठ दुसऱ्या टोपलीत. टाइप करता करता मी थांबायची आणि बघत राहायची. ज्या मेंढ्यांची ही लोकर, त्या आत्ता कुठल्या कुरणात असतील? तिकडे आत्ता रात्र असेल का? थंडी असेल तर अंगावर लोकर नसलेल्या त्या मेंढ्या एकमेकींना चिकटून उभ्या असतील. मी औरंगाबादबाहेर फारशी गेलेली नव्हते, पण त्या खिडकीतून मी फार लांब जाऊन यायची.

निवडणाऱ्या बायकांत जी सगळ्यांत मोठी होती, तिला सगळे मावशी म्हणत. पाचोडकडच्या मेंढपाळाच्या घरातली, आता मुकुंदवाडीला लेकाजवळ राहायची. डोळे मिटून दोन बोटांत लोकर धरायची आणि सांगायची, ही मानेची, ही पोटाची, ही मेंढी आजारातून उठलेली. मी लहान असताना अशाच लोकांचे कळप खतासाठी आमच्या रानात बसायचे. त्यांच्यातल्या बायका आमच्या अंगणाच्या पायरीच्या वर आल्याचं मला आठवत नाही. कारखान्यात मात्र मावशी सरळ माझ्या टेबलापाशी येऊन खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभी राहायची.

परदेशी लोकरीचा नियम असा होता. सोबत तिकडच्या सरकारी जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागे. मेंढ्या निरोगी होत्या, लोकर जिवंत मेंढीची कातरलेली आहे, मेलेलीची उपटलेली नाही, त्या भागात फाशीचा रोग, इंग्रजीत अँथ्रॅक्स, नाही, आणि माल फक्त कारखान्याच्या वापरासाठी आहे. मुंबईहून माल शिशाच्या सिलात यायचा आणि आमच्याकडे वेगळ्या खोलीत कुलपात राहायचा. आपल्याकडचा सरकारी डॉक्टर येऊन सील पाही, नमुना नेई, त्याचा अहवाल येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. औषध घातल्याशिवाय तिथलं धुण्याचं पाणी गटारात सोडायचं नाही, गोणपाट जाळायचं. बायकांनी त्या खोलीचं नाव बाळंतिणीची खोली ठेवलं होतं. "शिवू नका गं, अजून बारा दिस झाले नाईत," असं म्हणून एकमेकींना हसायच्या.

एकदा गोणपाटात शिवलेल्या लोकरीच्या बारा गाठी येणार होत्या. दाखला टपालानं आधीच आला होता. मावशी म्हणाली, "काय लिवलंय त्यात? वाचा की."

मी मराठी करून वाचत गेले. ती मान हलवत ऐकत होती, पोथी ऐकावी तशी.

"मंजी त्या डाक्टरानं मेंढरागणिक हात फिरवला?"

"नाही मावशी, कळपावरून लिहितात."

"मग त्याला काय कळलं?" ती म्हणाली. "माझ्या बापाच्या कळपात फाशी शिरली व्हती. सकाळी मेंढरू चरतंय, दुपारी आडवं, नाकातून काळं रगत. चुन्यात पुरली समदी, वर काटं टाकलं. चुलत्याला लोभ सुटला, त्यानं एकीचं कातडं सोलून घेतलं. त्याच्या मनगटावर काळपुळी आली." तिनं आपल्या मनगटावर रुपयाएवढी जागा दाखवली. "दुखत नाय ती. म्हणून माणूस बघत नाय."

थोड्या वेळानं म्हणाली, "बाई, नवी लोकर भंडारा लावल्याबिगर छपराखाली घेत नाय आमच्यात. एक चिमूट लावू द्या."

"नाही," मी म्हणाले. "नियम आहे. गाठीला काहीही लावायचं नाही."

"आमचाबी नियमच हाय," ती म्हणाली, आणि गेली.

आता माझी सवय सांगते. मला कागद वेळेच्या आधी तयार लागत. माल उतरवून घेताना एक पत्रक भरायचं असे: गाठी किती, सील कसं, गोणपाट फाटलंय का. मी ते आदल्या दिवशीच टाइप करून ठेवायची. बारा गाठी, सील शाबूत, गोणपाट शाबूत. एवढी वर्षं शाबूतच येत होतं. ट्रक आला की मी खिडकीतून बघायची, हमाल मोजायचे, मी सही करायची. त्या दिवशीही तसंच झालं. हमालांचा म्होरक्या ओरडला, "हौ बाई, पूरे बारा हैं. गिन लेव!" मी मोजल्या नाहीत, खाली उतरले नाही. ऊन छान पडलं होतं, गाठींवर काळ्या शाईत परक्या गावाचं नाव होतं, आणि मी त्या गावात हरवले होते.

पाचव्या दिवशी सरकारी डॉक्टर आले. शांत, बारीक चणीचे गृहस्थ. आमचे मॅनेजर त्यांच्यासोबत खोलीत गेले, मी दाराशी वही घेऊन उभी. दहा गाठी झाल्या. अकरावीला डॉक्टर थांबले. शिवणीजवळ गोणपाट वीतभर उसवलं होतं आणि आतल्या पांढऱ्या लोकरीवर पिवळी धूळ होती.

"हे काय?"

त्यांनी वास घेतला. "हळद?"

मॅनेजरांचा चेहरा उतरला. डॉक्टर म्हणाले, "गाठ उघडली गेली असेल तर मला सगळा माल अडवावा लागेल. आणि ज्यानं हात घातला त्याची तपासणी."

मॅनेजर शेडमध्ये जाऊन गरजले. मावशी लगेच उठली. पदराला हात पुसत म्हणाली, "म्या लावला भंडारा. खोलीत नाय गेले. गाडीतनं उतरताना लावला, छपराच्या भायेर. गाठ म्या नाय फाडली. फाटकीच व्हती."

"फाटकी होती?" मॅनेजरांनी माझ्या हातातली वही घेतली, पत्रक काढलं आणि सगळ्यांपुढे वाचलं. "गोणपाट शाबूत. बाईंचा कागद आजवर चुकलेला नाही. शाबूत होतं, म्हणजे तूच फाडलंस. उद्यापासून यायचं नाहीस तू."

माझ्या आईच्या वयाच्या बाईला ते तू म्हणाले, आणि मला म्हणत बाई, अहो. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी सांगेन, एवढ्या खात्रीनं पाहिलं.

मी बोलले नाही.

हे तुम्हाला लिहिताना मला अजूनही घड्याळाकडे बघावंसं वाटतं, मी किती वेळ गप्प बसले ते मोजायला. जेवणाची सुट्टी झाली, डॉक्टर मॅनेजरांच्या खोलीत चहा घेत होते. मी टेबलाशी बसले. डबा उघडला नाही. समोरच्या शेडमध्ये तंतू तसेच तरंगत होते. मावशी आपली टोपली आवरत होती. मऊ लोकर मऊत, राठ राठात, जाण्याआधी काम पुरं करून ठेवत होती. मला वाटत होतं हे सगळं पाण्याखाली चाललं आहे आणि मी काठावरून बघते आहे. मनात म्हणत होते, तिला लेक आहे, दुसरीकडे काम मिळेल. कदाचित तिनंच फाडलं असेल, मी कुठे पाहिलं होतं? आणि मग तेच वाक्य उलटं ऐकू आलं. मी कुठे पाहिलं होतं.

मी उठले आणि मॅनेजरांच्या दारावर टकटक केली.

"साहेब, ते पत्रक मी आदल्या दिवशी टाइप केलं होतं. गाठी मी पाहिल्याच नाहीत."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "मग कागद बाजूला ठेवू आणि गाठच बघू," ते म्हणाले.

आम्ही परत खोलीत गेलो. आता त्यांनी भिंग काढलं. मीही वाकले, तोल सांभाळायला उसवलेल्या जागीच तळवा टेकला, आणि तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. "इकडे बघा," डॉक्टर म्हणाले. "तुटलेल्या धाग्यांच्या टोकांना काळं तेल आहे, वाळून कडक झालेलं. हे बोटीवर नाहीतर बंदरात फाटलंय. इथं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पहिल्या दिवशी कळवलं असतं, तर ही एक गाठ वेगळी काढून तिथंच शिवली असती."

निकाल असा झाला. ती गाठ कारखान्यामागच्या खड्ड्यात चुन्यासकट जाळली. उरलेल्या अकरा अहवाल येईपर्यंत कुलपात. मावशीचं काम टिकलं. माझ्याकडून परदेशी कागद काढून घेतले आणि मला हजेरीच्या टेबलावर बसवलं. मॅनेजर माझ्याशी वर्षभर कामापुरतंच बोलले. जाताना डॉक्टर मावशीला म्हणाले, "पुढच्या वेळी भंडारा ट्रकच्या चाकाला लावा आजी. चाकाचा दाखला लागत नाही."

"चाकाला कशाला लावू?" मावशी म्हणाली. "चाकाची लोकर काढता व्हय तुमी?"

गाठ जळत होती तेव्हा आम्ही दोघी वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभ्या होतो. लोकर भडकत नाही, आतल्या आत धुमसते, केस जळाल्यासारखा वास येतो. माफी कशी मागावी हे मी मनात जुळवत होते. तिनंच विचारलं, "तुमचा कागद गाठीच्या आधी येऊन बसला व्हता व्हय?" आणि कमरेवर हात ठेवून हसत सुटली. मला हसू आलं नाही. मी तळव्याचं सांगितलं. तिचं हसू थांबलं.

कारखान्याच्या डॉक्टरांनी दोघींना बजावलं. दहा-बारा दिवस रोज हात नीट बघायचे, फोड दिसला की लगेच दवाखाना, सुई वेळेवर मिळाली तर भीती नाही. दिवसातून चारदा औषधी साबण. घरी मी तुमच्या आजोबांना सांगितलं, तुमच्या बापाला नाही. त्याला जवळ घेताना हात पाठीमागे धरायची. त्याला तो खेळ वाटायचा.

रोज सकाळी मी कारखान्याच्या नळापाशी उभी राहायची. मावशी मुकुंदवाडीहून चालत यायची, पिशवी ठेवायची आणि माझे हात हातात घ्यायची. आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग मनगटं. मग मी तिचे बघायची. तिचे हात लोकरीच्या तेलानं इतके मऊ झाले होते की त्यांवर वय दिसत नसे. मागून कामाला येणाऱ्या बायका चिडवायच्या, "काय गं मावशे, बाईचं लगीन ठरवतीस का? हात बघून पत्रिका सांगतीस?" मावशी म्हणायची, "गप जा. तुझ्या सासूची बघून ठिवलीय."

पहिले सात दिवस काही नव्हतं. आठव्या दिवशी तिनं माझा उजवा हात उलटा करून उजेडात धरला. अंगठ्याच्या बुडाशी काळा ठिपका होता. रुपयाएवढा नाही, पण होता.

"दुखतं का?"

"नाही," मी म्हणाले.

तिचा चेहरा असा पांढरा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. नळाचं पाणी वाहत होतं. माझ्या डोळ्यांपुढे तुमचा बाप आला, त्याचा शाळेचा सदरा, त्याला अजून शिवायचं राहिलेलं बटण. मावशीनं पदराचं टोक ओलं केलं आणि त्या ठिपक्यावर हळू घासलं. मग जोरात घासलं. पदरावर निळसर काळा डाग उतरला.

"कार्बन," मी म्हणाले. "हजेरीच्या कागदाचा कार्बन."

तिनं नळ बंद केला, आणि तो अंगठा स्वच्छ निघाल्यावरही बराच वेळ घासत राहिली.