दारात आडवी झोपणारी यमुनामावशी

फोन आला तेव्हा मी ड्युटीवर होते. "आई गेली, झोपेतच," यमुनामावशीचा मुलगा म्हणाला. पेशंटचं सलाईन बदललं, मग खुर्चीत बसले... आणि पहिला विचार आला तो हा, की आज मुलं कुणाकडे झोपणार? मावशीनेही आधी हेच विचारलं असतं.

महाडमध्ये रात्रपाळीला जाणाऱ्या आयांची मुलं ती स्वतःच्या घरी सांभाळायची. नर्सांची, कारखान्यातल्या बायकांची. चार-पाच मुलं, एका खोलीत, एका रांगेत. माझा निखिल लहानपणी तिथेच झोपला. तो झोपेत उठून चालायचा, म्हणून पहिल्याच संध्याकाळी मी तिला बजावलं, "आतून कुलूप लावायचं आणि किल्ली उंचावर ठेवायची."

"कुलूप नाय लावायची मी."

"तो बाहेर गेला तर? गल्लीच्या टोकाला नदी आहे."

"नदी घरातपन येते गो! पुरात शेजारनीला किल्ली गावंना, पानी कमरेला आलं तवा दार उघडलं. काळोखात पाच पोरं घेऊन मी किल्ली शोधत बसू?"

दोघींचंही खरं होतं, म्हणून भांडण मिटेना. रात्रपाळी सोडणं मला शक्य नव्हतं आणि निखिलला ठेवायला दुसरं घर नव्हतं. शेवटी तिने दाराला नुसती कडी घातली आणि उंबऱ्याला लागून आपलं अंथरूण आडवं टाकलं. "आता जाऊ दे त्याला. माझ्या पोटावर पाय देऊनच जाईल." निखिलने तो दिला, बऱ्याचदा. सकाळी न्यायला गेले की मावशी बरगडी चोळत म्हणायची, "तुझ्या पोराला जरा कमी जेवन घाल."

ती चुकायचीही. एका मुलाचं खोकल्याचं औषध तिने दुसऱ्याच मुलीला पाजलं, "दोघांना खोकलाच ना?" म्हणून. मी तिला सगळ्यांसमोर झापलं. ती फुगून बसली, माझ्याशी बोलेना. पण त्यानंतर प्रत्येकाची बाटली ज्याच्या त्याच्या पिशवीत आणि पिशव्या वरच्या खुंटीला. मेलेल्या माणसाचं फक्त चांगलं सांगायचं, हे मला जमत नाही. आणि मावशीचं चांगलं त्याने कमीही होत नाही.

आता तिची सून प्रज्ञा मुलं ठेवायला तयार आहे. आमच्या वॉर्डातल्या तरुण नर्सची मुलगी नुकती चालायला लागली आहे. "ताई, ठेवू का तिच्याकडे?" तिने मला विचारलं. हो म्हणण्याआधी मी जाऊन आले.

"काकू, आईंसारखं मला नाय जमनार," प्रज्ञाने मी बसायच्या आतच सांगून टाकलं. "मला झोप लागली की वर ढोल वाजवा, जाग नाय येत."

"मग कसं करणार?"

"दोनच पोरं घेनार. अर्धी रात्र हे जागतील, अर्धी मी."

अंथरुणाच्या जागी, उंबऱ्याजवळ, प्लास्टिकचं स्टूल होतं. घरात चांगल्या हातांच्या खुर्च्या असताना हे कशाला, मी विचारलं.

"खुर्चीत डोळा लागतो," ती म्हणाली. "स्टुलावर लागला तर खालीच पडेन ना."

परत येऊन त्या नर्सला म्हटलं, ठेव.