एका डब्यात कोंडलेले शिकारी ढेकूण

आमच्या लातूरच्या खोल्यांत राहून गेलेल्या लेकरांनो, वाढदिवसाच्या शुभेच्छांना इतक्या उशिरा उत्तर देतोय, राग धरू नका. जीव थाऱ्यावर नव्हता... कारण सांगतो.

तुमच्यातली कंधारची मीनाक्षी आठवते ना? भूकंपानंतर मला स्लॅबची धास्ती बसली म्हणून पत्र्याच्या खोल्या बांधल्या, त्यातल्या कोपऱ्यातल्या खोलीत ती क्लाससाठी राहायची. मेडिकलला नंबर लागला नाही तेव्हा तिच्या आईवडिलांपेक्षा मलाच जास्त घोर लागला होता. आता ती नांदेडला शिकारी ढेकणांवर पीएच.डी. करते.

हे ढेकूण पिकावरच्या अळीला सोंड खुपसतात आणि शोषून घेतात. जुन्या अभ्यासकांनी त्यांची नाती पाय, सोंड, पंख बघून लावली होती. काहींचे पुढचे पाय खेकड्याच्या नांग्यांसारखे, म्हणून त्यांचं कुटुंबच वेगळं धरलं होतं. पुढे जनुकं तपासली तर निघालं, ते याच कुटुंबातले! शिकार धरायची तऱ्हा बदलली तसे पाय बदलले... नातं आत तसंच राहिलं. मी सातवी शिकलेला माणूस, पण तिनं फोनवर सांगितलं आणि मला कळलं.

तिला आमच्या चाकूरच्या शेतातला एक बारका तांबडा ढेकूण हवा होता. त्यावाचून तिच्या प्रबंधातलं एक प्रकरण अडलं होतं. "मामा, फवारणीच्या आधी पकडा, नंतर या हंगामात मिळणार न्हाई. अन् पकडला की लगेच स्पिरिटमध्ये टाका."

मला वाटलं, जिवंतच पाठवले तर ताजे राहतील. डब्याला भोकं पाडली, तुरीचा पाला घातला, बारके टाकले. तिला उपयोगी पडेल म्हणून दुसऱ्या जातीचा एक मोठा काळाही टाकला. भाचा एस.टी.नं नांदेडला घेऊन गेला.

संध्याकाळी तिचा फोन. "मामा, काळा एकटाच जिवंत हाय."

"बाकीचे गरमीनं गेले का गं?"

"यानं खाल्ले! शिकाऱ्यांना एका खोलीत कोंडलं की हो तुम्ही!"

"अगं, तुम्ही चौघी राहतच होता की एका खोलीत..."

"आम्ही वरण-भात खात होतो, मामा!"

ती हसली, मग तिनं विचारलं, शेतात अजून मिळतील का. त्याच सकाळी आमच्या शेतात फवारणी झाली होती. मला रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनंच फोन केला. पाल्यात रिकामी टरफलं सापडली होती, पाय शाबूत होते. "मामा, जनुकं तपासायला एका पायावरही भागतं कधीकधी. त्यात काळ्याच्या लाळेतून त्याचीही जनुकं मिसळली असतील, पण ती वेगळी ओळखता येतात."

मी थक्कच झालो. बाजरीच्या कुसळाएवढा पाय, आणि त्यातून कोण कुणाचा भाऊबंद ते वाचायचं! निकालाच्या दिवशी जिला पाणी प्यायला लावता लावता माझी पुरेवाट झाली होती, ती पोरगी हे करते...

त्यानंतर तिचा फोन नाही. कामात असेल, पण मन नको ते सांगतं. आपणहून फोन करायला धीर होत नाही.

मीनाक्षी, वाचत असशील तर पायातून काही निघालं का सांग. नसेल निघालं तर तसं सांग, पुढच्या तुरीला स्पिरिटची बाटली घेऊनच बांधावर जाईन. पण लवकर कळव गं...