बापूंची रशियन चिल्लर

रविवारी सकाळी सलीमभाईंच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात आम्ही तिघं जमतो. निमित्त जुन्या नाण्यांचं. पण नवं नाणं दर रविवारी कुठून येणार? मग मागचाच एखादा किस्सा निघतो, चहा येतो, आणि उठेपर्यंत त्यात आणखी एकाची भर पडलेली असते. त्यातले बहुतेक किस्से बापू पाटलांचे. बापू कोडोलीचे. घरी म्हशी, दुधाचा धंदा. मी शिरोलीत एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, नोकरीला.

*

एका प्रदर्शनात बापूंनी परदेशी नाण्यांची एक पुडी घेतली. त्यात पिवळं नाणं निघालं. सोव्हिएत रशियाचा कोपेक, म्हणजे आपल्या पैशासारखा. बापूंनी तो भिंगाखाली धरला.

"विळा हाय. गव्हाच्या ओंब्या हायत. ह्यो देश आपल्यातलाच की." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "हातोडा पण हाय. त्यो तुमच्या फाउंड्रीचा."

तिथंच ठरलं. एकसष्टपासून एक्याण्णवपर्यंत, म्हणजे तो देश मोडेपर्यंत, एक, दोन, तीन आणि पाच कोपेकची ज्या ज्या साली नाणी पाडली, त्या प्रत्येक सालाचं एक गोळा करायचं.

व्यापारी हसला. "काका, चांदीचं घ्या. ही तिकडची चिल्लर आहे."

"चिल्लरच माणसांच्या हातात असती," बापू म्हणाले.

*

बरीच नाणी जमली होती. गणपतीच्या आधी बापूंच्या बायकोनं, शांतावहिनींनी, देवाची भांडी घासायला काढली. कपाटातली नाणी काळवंडलेली दिसली, म्हणून चिंच-मीठ लावून तीही घासली. घासलं की जुन्या नाण्याची किंमत जाते; तसलं नाणं आम्हा जमवणाऱ्यांत कुणी हातात धरत नाही.

बापूंनी दुकानात येऊन ती चकचकीत नाणी टेबलावर ओतली. सलीमभाईंनी विचारलं, "वहिनींना काय म्हणालात?"

"काय म्हणू? ती म्हणाली, आता कशी देवापुढं ठेवायसारखी झाली. त्यातलं एक कलशात घातलंय."

"पण बापू, त्या देशात देव मानत नव्हते."

"नाण्याला कुठं ठावं हाय?"

आणि बापूंनी पहिल्यापासून नाणी गोळा करायला सुरुवात केली.

*

बापूंच्या शेजारची पोरगी रशियात डॉक्टरकी शिकते. बापूंनी तिला जुनी नाणी बघायला सांगितलं. तिच्या हॉस्टेलवर एक म्हातारी राखणदार आहे. तिनं घरातली मुरंब्याची जुनी बरणी आणली आणि नाण्यांनी भरलेली ती बरणी तशीच पोरीच्या हातात दिली. पैसे घेईना. फक्त विचारलं, "हा माणूस करतो काय?"

"म्हशी पाळतो."

म्हातारीनं म्हशी कधी बघितल्या नव्हत्या. ती म्हणाली, फोटो पाठवा.

बापूंनी म्हशी धुतल्या, शिंगांना तेल लावलं, स्वतः इस्त्रीचा सदरा घातला आणि फोटो काढून घेतला. पुढं पोरीनं कळवलं की म्हातारीनं तो फ्रिजवर चिकटवलाय. बापूंनी एकच विचारलं, "मी दिसतोय न्हवं त्यात?"

*

एका लग्नात बापूंना कुणीतरी विचारलं, "एवढं करून ह्यातनं तुम्हाला मिळतं काय?"

बापूंनी जिलेबी संपवली. "पावणं, रविवार बरा जातो."

*

शेवटी एकच नाणं राहिलं. पाच कोपेक, साल सत्तर. हे फार कमी सापडतं. अल्बममधला तेवढा एक कप्पा कितीतरी दिवस रिकामा होता. सलीमभाईंनी दिल्लीतला एक व्यापारी गाठून ते मागवलं. पाकीट आलं तेव्हा बापूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. एका डोळ्यावर पट्टी, आणि दुसऱ्या डोळ्याला आधीपासूनच धूसर दिसायचं.

आम्ही दोघं कोडोलीला गेलो. बापू कॉटवर बसलेले. पाकीट त्यांनीच फोडलं, नाणं चाचपलं आणि पुढं केलं. "बघ रं सलीम, सत्तरच हाय न्हवं?"

सलीमभाईंनी भिंग लावलं. मीही वाकून बघितलं. शेवटच्या शून्याला वर शेपूट होती. ते शून्य नव्हतंच, सहा होता. शहात्तर सालचं नाणं, जे बापूंकडं आधीच होतं.

बापू मान वर करून आमच्याकडं बघत होते. चेहऱ्यावर हसू, हात अजून पुढंच. सलीमभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीतून गोठ्याकडं बघत राहिलो.

"सत्तर हाय, बापू," सलीमभाई म्हणाले.

बापूंनी बोटांनी रिकामा कप्पा शोधला आणि नाणं आत सरकवलं. वहिनींनी गल्लीत पेढे वाटले.

परतताना आम्ही ठरवलं, बापूंना नीट दिसायला लागायच्या आत खरं नाणं मिळवायचं आणि गुपचूप बदलून ठेवायचं. पुष्कळ फोन केले. मिळालं नाही.

मग एका रविवारी बापू काळा चष्मा लावून दुकानात आले. काखेत अल्बम. बसले, चष्मा काढला, भिंग मागून घेतलं आणि नेमका तोच कप्पा उघडला. बराच वेळ बघत राहिले. सलीमभाई एका चालू घड्याळाला उगाच किल्ली देत होते.

बापूंनी अल्बम मिटला. तीन चहा सांगितले. चहा आल्यावर एक घोट घेतला आणि शांतपणे म्हणाले,

"डॉक्टर लई चांगला हाय. सलीम, तू पण एकदा डोळं दाखवून घे."