धरणवाल्यांचा वकील

आमच्या मुलीला भांडायला कधी शिकवावं लागलं नाही. पण ती कायद्याच्या कॉलेजात गेली, तिथं मूट कोर्ट म्हणजे लुटुपुटीच्या खटल्याची स्पर्धा लागली, आणि कळलं की मध्येच कुणी प्रश्न विचारला की बाईसाहेबांची वाचाच बसते. घरात तिला अडवायची कुणाची छाती नव्हती, त्यामुळं सवय नव्हती.

खटला असा, की राष्ट्रीय उद्यानातल्या नदीवर एका कंपनीला विजेसाठी धरण बांधायचंय. मुलगी जंगलाच्या बाजूनं. सरावापुरता कंपनीचा वकील मी, कारण घरात रिकामा मीच. दिवाणावर मेथी निवडत बसलेली बायको न्यायाधीश.

मी दणक्यात सुरुवात केली, "मायलॉर्ड, धरण झालंच पाहिजे! आठ-आठ दिवस लोकांच्या नळाला पाणी नाही!"

"पप्पा, ते विजेचं धरण आहे. नळाचं नाही."

"पण धरणात पाणी असतं ना?"

"असतं, पण..." आणि बाईसाहेब कागद चाळायला लागल्या.

आता आम्ही संभाजीनगरकर. धरण म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं टर्बाइन येत नाही, गच्चीवरची टाकी येते. रोज संध्याकाळी मी तोच मुद्दा मांडायचो, रोज ती तिथंच अडकायची. मी खटला जिंकत होतो आणि मला ताट कुणी वाढत नव्हतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तर तिनं हातातले कागद आपटले. "मी नावच काढून घेते."

तेवढ्यात शेजारच्या खाला भिंतीवरून ओरडल्या, "भाभी, पानी आया!"

कोर्ट उठलं. बायको मोटरीकडं धावली, मी ड्रम सरकवायला, मुलगी पाइप धरून उभी. मला कुठली अक्कल! म्हणालो, "बघा मायलॉर्ड, धरण आहे म्हणून पाणी आहे!"

मुलगी पाइपसकट माझ्याकडं वळली. "उद्यानात येणारा-जाणारा प्रवाह अडवायचा किंवा वळवायचा तर परवाना लागतो! आणि तिथल्या प्राण्यांच्या भल्यासाठी गरज असेल तरच तो मिळतो, वीज विकायला नाय! लोकांना पाणी पाहिजेच, पण तुमच्या अर्जात त्याचा एक शब्द आहे का? तहान आमची पुढं करता आणि धंदा तुमचा?"

एकदाही थांबली नाही. मी नखशिखांत भिजलो.

"अहो वकीलसाहेब," बायको म्हणाली, "ड्रम रिकामाच राहिला."

दुसऱ्या दिवशी मी प्रेक्षकांत मागं बसलो. मुलगी रंगात आली असताना न्यायाधीशबाईंनी तिला अडवलं, "ते सगळं खरं, पण लोकांच्या पाण्याचं काय?"

मुलीनं कागद पालथे ठेवले, दोन्ही हात पाइप धरल्यासारखे पुढं घेतले आणि सुरू झाली. संपल्यावर न्यायाधीशबाई हसल्या. "पटलं. आमच्याकडं आज पाण्याचा दिवस आहे, म्हणून विचारलं हो."

ती पहिली आली. घरी आल्यावर मी जाहीर केलं, की धरणवाले अपिलात जाणार.

"अपील फेटाळलं," मेथीच्या भाजीचं पातेलं उतरवत बायको म्हणाली. "ताट वाढलंय. बसा."