तेलाचा चमचा आणि डोक्यावरून आंघोळ

मुदतीच्या तापातून उठले तेव्हा भिंत धरूनही मला उभं राहवेना. फायनलची परीक्षा अडीच महिन्यांवर आली होती. ती पास झाले की मुलींच्या शाळेत मास्तरीण होता येणार होतं. वडील कचेरीत कारकून, शब्दाचे पक्के. "यंदा परीक्षेला बसलीस तर पुढचं बघू. नाहीतर मी स्थळं बघायला मोकळा," त्यांनी सांगून टाकलं होतं.

डॉक्टरांनी पिवळ्या, दाट तेलाची बाटली आणली. "माशाचं तेल आहे. यात व्हिटॅमिन असतं. सकाळ-संध्याकाळ एक चमचा. महिन्यात पोरगी पळायला लागेल की!"

मासा म्हटल्याबरोबर आई दोन पावलं मागं सरली. पण डॉक्टरांचा शब्द मोडवेना आणि सोवळंही सोडवेना. मग तिनं तोडगा काढला. बाटली न्हाणीघरातल्या कोनाड्यात, चमचा वेगळा, आणि तेल घेतलं की मी डोक्यावरून आंघोळ करूनच घरात यायचं. "औषध ते औषध, विटाळ तो विटाळ," म्हणाली.

पौषातली थंडी. गिरणीचा सकाळचा भोंगा झाला की तेल आणि आंघोळ, संध्याकाळचा झाला की पुन्हा तेल आणि आंघोळ. केस वाळायचेच नाहीत. आठ दिवसांत खोकला लागला, मग ताप. आईनं तेल थांबवलं, ताप गेला. पुन्हा सुरू केलं, ताप हजर! झालं, आईला पुरावाच मिळाला.

"तेल मानवत नाही हिला."

"अगं, आंघोळ मानवत नाही!" मी ओरडले.

"उगी गप. आंघोळीनं कधी कुणाला ताप आलाय?"

काय डोकं फोडून घ्यायचं? डॉक्टरांना सांगावं, तर परक्या पुरुषापुढं मुलीनं तोंड उघडायचं नाही, हे आमच्या घरचं आणखी एक शहाणपण. मीही मूर्ख, गप्प बसले. त्याचा राग मला अजून येतो. डॉक्टरांचा शब्द म्हणून आई तेल थांबवून थांबवून पुन्हा देत राहिली, आणि चैत्र उजाडला तरी तेच चाललं होतं.

परीक्षेच्या दिवशी वर्गातल्या मुली टांग्यातून जाताना दारात थांबल्या. मला हाका मारल्या. चैत्रातल्या सोलापूरच्या उन्हात मी दोन गोधड्या घेऊन कुडकुडत पडले होते. टांगा गेला.

त्याच दुपारी डॉक्टर आले. अंगणात भांडी घासणारी बाई राखेच्या हातानंच उठली. "डाक्टरसाब, पोरीला रोज दोन डाव डोक्यावरनं पाणी घालत्यात. ताप यील न्हाय तर काय हुईल वो?"

डॉक्टरांनी आईकडं बघत कपाळावर हात मारला. "बाई, औषध पाजता की पोरीला बुडवता?"

संध्याकाळी आईनं कोनाड्यातली बाटली आणून मला तेल दिलं, मी न्हाणीघराकडं वळले तशी मला धरून अंथरुणावर बसवलं, आणि स्वतः डोक्यावरून दोन घंगाळी पाणी ओतून आली. "तुझ्या वाटणीची मी केली," म्हणाली. "आता नीज." तिच्या पदरातून पाणी गळत होतं. मला रडू आलं, आणि संतापही आला. हे पौषात सुचलं असतं तर!

त्यानंतर रोज दोन वेळा ती माझी आंघोळ करत राहिली. माझ्या अंगावर मांस चढलं, गाल भरले. ज्येष्ठात वडिलांनी बोलावलेले पाहुणे मला बघायला आले. मुलाच्या आईनं माझी हनुवटी वर केली. "काय तुकतुकीत आहे हो पोर! काय खायला घालता?"

"घरचं तूप," आई म्हणाली.

त्यांनी बसल्या जागीच होकार दिला.