बागेच्या फाटकावर उतरणारी माणसं

घंटीताईने फाटकाला लाथ मारली. एकदा नाही, दोनदा. कुलूप हललं, थोडा गंज झडला, पण फाटक काही उघडलं नाही.

"अगं, पाय मोडशील," मागून आई म्हणाली.

"पण हे बंद कसं असेल? हे बागेचं फाटक आहे!"

"ते दिसतंय की आम्हाला," भाऊ म्हणाला. "बाग आत आहे आणि आपण बाहेर आहोत, तेही दिसतंय."

वहिनी हसली आणि लगेच खोकल्यासारखं केलं. भाचीने मोबाइलमधून मान वर काढली, फाटक बघितलं आणि परत मान खाली घातली. धाकटा भाचा गजांमधून डोकं आत घालायला बघत होता. त्याला वहिनीने कॉलर धरून मागे ओढलं.

फाटकावर एक पत्रा होता. रंग उडालेला. घंटीताईने तो हाताने पुसला तेव्हा अक्षरं दिसली : 'प्रवेश पलीकडच्या बाजूने.' आणि कुलपाला गंज असा, की ते काल-परवा लावलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं तसंच होतं.

आता हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं. कारण घंटीताई कंडक्टर आहे, आणि ती या फाटकासमोर रोज बस थांबवते. "बागेचं फाटक! चला बागेचं फाटक!" असं ओरडून तिचा घसा बसलाय. घंटी हे नाव आम्ही डेपोतल्यांनी ठेवलं. बाकीचे बेल वाजवतात, ही बेल बडवते. तिच्या ड्रायव्हरकाकांच्या छातीत पहिल्या महिन्यात धडकी भरायची म्हणे. नंतर सवय झाली. आता दुसऱ्या कोणी बेल दिली तर त्यांना ऐकूच जात नाही.

बसमधून शहर दिसतं असं लोकांना वाटतं. प्रवाशाला दिसत असेल. कंडक्टरला दिसत नाही. स्टॉप आला की तिचं लक्ष पायरीवर. कोण चढलं, कोण उतरलं, कोणाचा पाय अजून खाली आहे. गाडी चालू असली की तिची मान तिकिटाच्या मशीनवर. घंटीताईला हे शहर चपलांवरून ओळखता येईल. तलावाकडे जाणाऱ्या चपला ओल्या येतात, बाजाराकडच्यांना चिखल असतो. पण तलाव कसा आहे विचाराल, तर तिने तो बघितलेला नाही. सुट्टीच्या दिवशी बघायचा म्हणाल, तर तिला सुट्टी नव्हती. ते पुढे येईल.

तर भावाची बदली झाली होती, लांब. इतकी लांब, की तिथली भाषाही वेगळी. घर सोडायचं होतं. प्रश्न आईचा होता. आईने भावाबरोबर परमुलखात जायचं, का घंटीताईकडे शहरात राहायचं? भाऊ म्हणाला, आपण सगळे चार दिवस ताईकडे जाऊ. आईला शहर मानवतंय का बघू, मग काय ते ठरवू.

घंटीताईला आई हवी होती. एवढंच. तिने कधी तोंडाने म्हटलं नाही, पण डेपोत सगळ्यांना माहीत होतं. वरच्या मजल्यावरची खोली सोडून तिने तळमजल्यावरची घेतली. जिना आईच्या गुडघ्यांना जमला नसता. तळमजल्याचं भाडं जास्त. म्हणून डबल ड्युटी, म्हणून सुट्टीच्या दिवशीही ड्युटी. हे तिने घरी कोणाला सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायची, "आरामाची नोकरी आहे हो. बसूनच असते."

पाहुणे यायच्या आधी महिनाभर ती प्रवाशांना तिकीट देता देता विचारायची, "म्हातारं माणूस आहे, लहान पोर आहे, न्यायचं कुठे हो?" लोक पण मोठे हौशी. कोणी म्हणे संग्रहालय. पण तिथे नुसत्या पायऱ्या. कोणी म्हणे टेकडी. टेकडी म्हणे! एका आजोबांनी स्मशानभूमी सुचवली, तिथे सावली छान आहे म्हणून. शेवटी एक बाई म्हणाली, "बाग! होड्या आहेत, झाडं आहेत, बाकं आहेत, छोटी रेल्वे आहे. म्हाताऱ्यांनी बसावं, पोरांनी पळावं." घंटीताईचा चेहरा उजळला. बाग तर तिच्या घरचीच! रोजचा स्टॉप!

ती बाई बागेत मात्र स्वतःच्या गाडीने जायची आणि पलीकडून आत शिरायची, हे तिने सांगितलं नाही. घंटीताईने विचारलं नाही.

"मग इथे रोज उतरतं कोण?" भावाने विचारलं.

घंटीताईने वळून रस्त्यापलीकडे बघितलं. समोर दवाखाना होता. मोठा, तीन मजल्यांचा. दारातून माणसं हातात एक्स-रेची मोठी पाकिटं घेऊन बाहेर येत होती. अशी पाकिटं काखेत घेतलेली माणसं ती इतकी वर्षं बागेच्या फाटकावर उतरवत होती. बागेत जाताना माणूस एक्स-रे कशाला नेईल, हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता.

"दवाखान्यातले," ती म्हणाली.

भाऊ वाईट माणूस नाही. पण कुठे गप्प बसावं हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. "वा! म्हणजे तू आम्हाला थेट दवाखान्यात फिरायला आणलंस. सोयच झाली. आज नाही तर उद्या लागणारच होता."

"पलीकडून आहे ना रस्ता? चालू की," आई म्हणाली आणि चालायला लागली.

बागेची भिंत काही संपेना. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला गाड्या, मध्ये हातभर फूटपाथ. डोक्यावर ऊन. भाच्याला शू लागली. मग तहान लागली. मग पाय दुखले. भावाने टॅक्सीला हात केला, टॅक्सीवाल्याने सहा माणसं मोजली आणि न थांबता निघून गेला. आई आधी भिंतीला हात लावून चालत होती. मग थांबून थांबून. मग एका ठिकाणी ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी इथेच उभी राहून बाग ऐकते."

आतून खरंच पोरांचा आरडाओरडा ऐकू येत होता. पाण्याचाही आवाज होता.

घंटीताईला रडू आलं असतं, पण रडायलाही जोर लागतो. सकाळी पाहुण्यांचं आवरायच्या आधी ती पहिल्या पाळीची एक फेरी मारून आली होती. दुसऱ्या कोणी गळ घातली म्हणून. तिला नाही म्हणता येत नाही. पोटऱ्या अशा सुजल्या होत्या, की मोज्यांचे वळ उठले होते.

"दादा, तू पोरांना घेऊन जा," ती म्हणाली. "आईला मी बसवते कुठेतरी."

"कुठे?"

"बसवते म्हटलं ना!"

भाऊ, वहिनी आणि पोरं भिंतीच्या कडेने पुढे गेली. घंटीताईने आईचा हात धरला आणि दोघी आल्या वाटेने मागे फिरल्या. रस्ता ओलांडून सरळ दवाखान्यात. तिथे पंखा होता, बाकं होती, थंड पाणी होतं आणि स्वच्छ संडास होता. म्हाताऱ्या माणसाला सहलीत आणखी काय लागतं?

खिडकीतल्या बाईने विचारलं, "नंबर काय?"

"नंबर नाही," आई म्हणाली. "आम्ही फिरायला आलोय."

त्या बाईने दोघींकडे बघितलं. मग हाताने बाक दाखवलं. दवाखान्यात असली माणसं पण येतात, असा तिचा चेहरा.

आई बसली, पाय लांब केले आणि हसायला लागली. आवाज न करता, नुसतं पोट हलत होतं. घंटीताईला पण हसू आलं. बाजूला पायाला प्लॅस्टर घातलेला एक बाप्या होता. तो म्हणाला, "काय झालं हो?" तर आई म्हणाली, "काही नाही. लेकीने बाग दाखवली."

"ही नाही काही बाग," घंटीताई घाईघाईने म्हणाली. "बाग मोठी आहे. होड्या आहेत. उद्या टॅक्सीने नेते तुला, त्या बाजूने. आणि तलाव आहे. आणि बाजार आहे, तिथे बसायला जागा आहे. मला सुट्टी असते तेव्हा आपण दोघी जाऊ. संध्याकाळी मी घरीच असते. सकाळी पण उशिरा निघते. तुला कंटाळा नाही येणार, बघ."

"बरं," आई म्हणाली.

"शेजारची म्हातारी पण बोलायला चांगली आहे."

"बरं गं."

"दुकान खालीच आहे..."

तिचं वाक्य पुरं झालंच नाही. मान भिंतीला टेकली, तोंड उघडलं आणि घंटीताई गाढ झोपली. बसल्या बसल्या, पर्स मांडीवर, एक हात अजून उचललेला. तो हात आईने हळूच खाली ठेवला.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. आईच्या पलीकडे ड्रायव्हरकाका बसले होते, खाकी शर्टात, हातात पाण्याची बाटली. फाटकाच्या स्टॉपवर गाडी दहा मिनिटं थांबते, तेव्हा ते इथे बाटली भरायला यायचे. हे घंटीताईला माहीत नव्हतं. ती तेव्हा गाडीत हिशोब जुळवत असायची.

"काका? तुम्ही?"

"आलो होतो पाण्याला. बघितलं तर तू घोरतेस." काका उठले. "तुझ्या आईशी ओळख करून घेतली. बरं, निघतो. आज बेल कोण देतंय काय माहीत, गाडी हलतच नाही नीट."

ते गेले. आई समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"काय म्हणत होते?"

"तुझं कौतुक करत होते."

घंटीताईला बरं वाटलं. कौतुक म्हणजे चांगलंच की.

फोन करून बोलावल्यावर पोरं दवाखान्यात आली ती उड्या मारतच आली. भाचा होडीत बसला होता, छोट्या रेल्वेतही बसला होता, आणि बदकाने त्याचं बिस्कीट पळवलं होतं. हे त्याने तीनदा सांगितलं. भाची, जी दोन दिवसांत एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, "आत्या, भारी आहे बाग. उद्या परत जाऊ या." वहिनीने फोटो दाखवले. भाऊ नाक खाजवत म्हणाला, "चांगली आहे तशी. फाटक सोडलं तर."

बसमध्ये परत येताना घंटीताई खिडकीशी बसली होती. प्रवासी म्हणून. तिला वाटलं, जमलं. फाटकाचं काय, हसण्यावारी गेलं.

घरी चहा झाल्यावर आई म्हणाली, "मी जाते याच्याबरोबर. मला नाही राहायचं इथे."

भाऊ म्हणाला, "अगं, पण तिथली भाषा..."

"शिकेन. मुकी तर नाही ना मी?"

"आई, उद्या टॅक्सीने नेते ना," घंटीताई म्हणाली. "त्या बाजूने. अजिबात चालायचं नाही."

"नको गं. शहर नाही मानवत मला. भिंतीच फार."

घंटीताई कपबशा घेऊन मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

ते सगळे गेले. आईचा फोन येतो. तिला तिथे बोलायला कोणी नाही, पण ती तसं म्हणत नाही. म्हणते, झकास आहे. घंटीताई पण म्हणते, झकास आहे. मायलेकी दोघी एका माळेचे मणी. घंटीताईने डबल ड्युटी सोडली नाही. घरी जाऊन करायचं काय? फाटकाच्या स्टॉपवर मात्र आता ती वेगळं ओरडते. "दवाखाना! दवाखाना! बागेला जाणाऱ्यांनी पुढे उतरा!" आणि कोणी म्हातारं माणूस असलं तर स्वतः खाली उतरून सांगते. डेपोत कोणी तिला "काय, बाग बघितली का?" असं चिडवलं, तर त्याची आमच्याशी गाठ असते. तिला मनापासून वाटतं, की एका कुलपापायी तिची आई गेली.

ते खरं नाही. हे कळलं ड्रायव्हरकाका रिटायर झाले त्या दिवशी. हार गळ्यात तसाच, आणि काका कोपऱ्यात बसून रडत होते. आम्हाला वाटलं, आता गाडी हातातून सुटली म्हणून. तर म्हणाले, "मी तिच्या भल्यासाठीच बोललो रे. म्हटलं, म्हातारीला कळू दे लेक काय आहे ती. सगळं सांगितलं. खोली बदललीये, सुट्टी घेत नाही, दोन-दोन पाळ्या करते, सगळं तुमच्यासाठी. म्हातारी ऐकून घेत होती, आणि हिच्या सुजलेल्या पायांकडे बघत होती. मग मला विचारलं, 'मी नाही राहिले, तर घेईल का हो ती सुट्टी?' मी म्हटलं, घेईल की."