सहा सारखे तुकडे

व्हर्लीनमावशी बोलायला लागली की समोरच्याला आपल्या हातात ताट असल्यासारखं वाटतं. "पुढे सरक बाळा, मागे रांग आहे." हे ती मला म्हणते, आमच्या कुत्र्याला म्हणते, एकदा बँकेतल्या साहेबालाही म्हणाली होती आणि तो सरकला होता. एकतीस वर्षं हार्पर्स बेंडच्या शाळेत रोज तीनशे बारा पोरांना वाढलं, मग जीभ रविवारी तरी कुठली वेगळी वळणार. तिची नक्कल सोपी आहे. हनुवटी आत घ्यायची, डोळे ताटावर ठेवायचे आणि आवाज असा काढायचा की मागच्या भिंतीला टेकलेल्या पोरालाही वाटाणे संपवावेसे वाटतील. गावातली निम्मी पोरं ती करतात. पण त्या पोरांना तिचं पूर्ण नाव विचारा. शाळेत ती मिस व्ही. व्हर्लीन स्टबलफील्ड हे नाव फक्त पगाराच्या पाकिटावर छापलेलं असतं.

तर अशी ही माझी मावशी, वय सत्तावन्न, बार्बेक्यूच्या स्पर्धेत शिरली ती रॉइस टिडवेलमुळे.

रॉइस या स्पर्धांतला जुना खेळाडू. धुरावर मांस भाजायचा त्याचा गाडा शाळेच्या बसपेक्षा लांब आहे. त्यात फ्रीज आहे, बिछाना आहे, हात धुवायला गरम पाणी आहे. रॉइस बोलतो इतका सावकाश की दोन शब्दांच्या मध्ये माणसाचं चहापाणी उरकावं. दोन उन्हाळ्यांपूर्वी जत्रेच्या मैदानावर त्याने लोकांना चवीपुरते तुकडे वाटले. मावशीने एक चावला, थांबली आणि म्हणाली, "हाडाजवळ कच्चं आहे."

रॉइसने टोपी मागे सारली. "असं आहे बघा, मॅडम. नावं ठेवणं फुकट असतं. कोळसा विकत घ्यावा लागतो."

"किती लागतो?" मावशीने विचारलं. रागाने नाही. तिला खरोखर माहिती हवी होती.

आठ दिवसांनी तिच्या अंगणात काकवीच्या कारखान्यातलं पोलादी पिंप आलं. बारा डॉलरला. आत दिवसभर जाळ करून तिने त्याचा रंग आणि काकवी दोन्ही जाळली. सगळी आळी संध्याकाळपर्यंत जळक्या साखरेच्या वासात होती. शाळेतल्या सुतारकामाच्या मास्तरांनी खाली हवेची भोकं पाडून दिली. जाळी कुणाच्या तरी मोडक्या शेगडीची. चर्चच्या आवारात वादळाने पिकॅनचं झाड पाडलं होतं, त्याच्या फांद्या धुरासाठी. कोळसा चार जुलैचा सण उलटल्यावर, दुकानदार उरलेली पोती निम्म्या भावात काढतो तेव्हा. आणि तंबू दिला गावातल्या अंत्यविधीवाल्यांनी, उन्हाळ्यात त्यांच्याकडे एक जादा असतो म्हणून. झालरीवर त्यांचं नाव आणि खाली मोठ्या अक्षरांत 'तुमच्या दुःखात आम्ही सोबत'.

"कोंबडी मेलीय हे आम्हाला माहीत आहे हो," पहिल्याच स्पर्धेत शेजारचा एक जण म्हणाला.

"मग टोपी काढ," मावशी म्हणाली.

मोठ्या गटात चार प्रकारचं मांस रांधावं लागतं आणि त्याची फी मावशीच्या आवाक्यात नव्हती. हौशी गटात नुसत्या कोंबडीवर उतरता येतं. सहा परीक्षक, एक पांढरा डबा, डब्यात कोथिंबिरीसारख्या हिरव्या पाल्यावर मांडीचे सहा तुकडे. डबा बरोबर बाराला द्यायचा, पाच मिनिटं इकडे किंवा तिकडे. डब्यावर नाव नाही, फक्त नंबर. शेवटी पहिल्या दहांची नावं भोंग्यावरून पुकारतात आणि पुकारलेला माणूस सगळ्यांसमोरून चालत मंचावर जातो. बक्षिसाचं जाऊ द्या, या लोकांत बढाई असते ती त्या चालण्याची. "किती वेळा चाललास?" असं विचारतात एकमेकांना.

मावशी एकदाही चालली नव्हती. पहिल्या खेपेला अठ्ठाविसांत सत्ताविसावी आली, अठ्ठाविसाव्याने डबा उशिरा दिला होता म्हणून. दुसऱ्या खेपेला एकोणिसावी. परीक्षकांच्या चिठ्ठीवर दोन्ही वेळा तेच: चव चांगली, तुकडे सारखे नाहीत.

"सारखे कुठून आणू?" मावशी म्हणाली. "कोंबड्या काय साच्यात घालतात?" रॉइस चाळीस मांड्या आणतो, त्यातल्या सहा निवडतो. मावशीच्या बजेटात दहांचं एक पाकीट बसायचं, आणि त्या दहांत जुळी भावंडं दोनसुद्धा निघत नसत.

यंदा तिने आम्हाला सांगून टाकलं. ऑगस्टची एक स्पर्धा, बस. तिथेही नाव पुकारलं नाही तर पिंपात माती भरायची आणि टोमॅटो लावायचे. रोपंसुद्धा आणून ठेवली होती, पायरीवर. मला ती रोपं बघवत नसत.

मग तिला चर्चचं जेवण आठवलं. आमच्याकडे दर बुधवारी चर्चमध्ये सगळ्यांचं जेवण असतं आणि महिन्यातून एकदा कोंबडी. साठ मांड्या येतात. ते स्वयंपाकघर सिस्टर ओलीटाचं. वय एक्क्याऐंशी, मनगटाएवढी बाई, आणि प्रत्येक वाक्य असं बोलते की जणू ते आधी वर मंजूर करून घेतलंय.

"म्हणजे मला नीट समजू दे," सिस्टर ओलीटा म्हणाली. "देवाघरच्या जेवणातून देखण्या मांड्या तू नेणार, आणि उरलेल्या वेड्यावाकड्या आम्ही खाणार."

"बदल्यात तेवढ्याच देते, सिस्टर. मोजून आठ. सहा डब्यात, दोन अडीअडचणीला."

"मी नाही म्हटलं का? मी फक्त मोठ्याने बोलून बघितलं."

मावशीने शाळेचा तराजू नेला. साठांतून आठ निघाल्या, प्रत्येकी पाच औंस, कातडी न फाटलेल्या, एका आईच्या पोटच्या असाव्यात अशा. मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. शुक्रवारपर्यंत त्या चर्चच्या फ्रीजमध्ये ठेवायचं ठरलं. सिस्टर ओलीटा म्हणाली, "काळजी करू नकोस. मी आहे."

शुक्रवारी दुपारी आम्ही चर्चमधून बर्फाची पेटी उचलली आणि थेट मैदान गाठलं. मांस तपासायला मिस्टर हॉइट येतात. हातात पाटी, गळ्यात शिट्टी, आणि वाक्याचं शेपूट दोनदा बोलायची सवय. ते पेटीपाशी वाकले.

"मांस साधं हवं, बाई. मीठसुद्धा नको. मीठसुद्धा नको. तपासल्यावर मग काय लावायचं ते लावा."

"साधंच आहे," म्हणत मावशीने झाकण उघडलं.

आत पांढरंशुभ्र. आठही मांड्या ताकात बुडालेल्या, वर तिखटाचा लालसर तवंग. झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवलेली: 'थोडं ताक आणि मीठ लावून ठेवलंय. तेवढंच तुझं काम हलकं. ओलीटा.'

आमच्या भागात कोंबडी रात्रभर नुसती ठेवणं म्हणजे पाहुण्याला दारात उभं करणं. सिस्टर ओलीटाचा हात त्या फ्रीजजवळून नुसता जाणार नाही, हे खरं तर आमच्याच लक्षात यायला हवं होतं.

मिस्टर हॉइटनी चिठ्ठी वाचली. टोपी काढली. त्या तंबूखाली ते शोभून दिसलं. "माझ्या घरी विचाराल तर असंच करावं. असंच करावं. पण इथं नियम आहे, बाई. नियम आहे. संध्याकाळी सहाच्या आत दुसरं आणलंत तर बघेन."

शेजारच्या गाड्यातून रॉइस सगळं बघत होता. तो उतरून आला. यायला त्याला वेळ लागला. "असं आहे बघा, मॅडम. माझ्याकडे चाळीस आहेत. माझ्या निवडून झाल्या. उरलेल्यातून घ्या सहा."

मावशीने विचार केला, अगदी खरा, कारण तिचे ओठ हलत होते. "तू चांगल्या मनाने देतोयस," ती म्हणाली. "पण दुसऱ्याने बाजूला सारलेलं मी पोरांना कधी वाढलं नाही. आता स्वतःच्या नावावर कसं वाढू?"

गावातल्या दुकानात एकच पाकीट उरलं होतं. दहा मांड्या. एक टर्कीची वाटावी इतकी मोठी, एक कबुतराची. मिस्टर हॉइटनी बघितल्या, होकार दिला आणि पाटीवर खूण करताना एक सुस्कारा सोडला. दोनदा.

घरी परतताना मावशी गाडीत गप्प होती. गप्प मावशीची नक्कल मला येत नाही, ती कधी केलीच नव्हती. पायरीवर टोमॅटोच्या रोपांना तिने पाणी घातलं. मग तांब्या हातात तसाच धरून म्हणाली, "तीनशे बारा पोरांना मी सारखं वाढते ते कसं?"

"तराजूने?"

"तराजूने वाढत बसले तर शेवटच्या पोराला जेवण मिळेपर्यंत त्याचं लग्न होईल. पळीने वाढते. बटाटा कसाही असू दे, पळी एक असली की वाढप एक." तिने तांब्या ठेवला. "मला पळी पाहिजे. मांडीएवढी."

शनिवारी उजाडताच तिने शाळेचं स्वयंपाकघर उघडलं आणि मफिनचे दोन साचे काढले. पोरांना शुक्रवारी मक्याचे मफिन मिळतात ते हेच. एका पत्र्यावर सहा खोलगट वाट्या, सगळ्या सारख्या.

मैदानावर तिने मोठ्या कात्रीने हाडांची टोकं कापली. मोठ्या मांडीचं जास्तीचं मांस काढलं आणि लहान मांडीच्या कातडीखाली सारलं. कातडीच्या आतली चरबी चमच्याने खरवडली, म्हणजे दाताखाली कातडी अख्खी निघून येत नाही. वाटीत लोणी, वर मांडी, दाबून. दहांच्या आठ झाल्या. पिंपावर झाकण पडलं, पिकॅनचा धूर बारीक निळा निघू लागला, आणि मावशी पाटावर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघावं तशी हातातल्या घड्याळाकडे बघत राहिली.

तासाने साचे बाहेर आले. मांड्या उलट्या करून सोडवल्या तर आठ गोल, गुटगुटीत, एका मापाच्या. चटणीत बुडवून पुन्हा जाळीवर, रंग चढेपर्यंत.

रॉइस कुंपणाशी आला. "मफिनचा साचा," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "जुना डाव आहे, मॅडम. पंधरा वर्षांपूर्वी सगळे करायचे."

"मला आज कळला," मावशी म्हणाली. "तू आधी का नाही बोललास?"

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही फक्त सांगता."

हे मात्र खरं होतं.

अकरा छप्पन्नला डबा भरला. हिरव्या पाल्यावर सहा, कोणता कोणता हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मावशीने डबा छातीशी धरला आणि चालू लागली. गर्दी आडवी आली तशी मावशीचा आवाज निघाला, तीनशे बारांचा. "गरम आहे, मागून येतेय, सरका." मोठमोठ्या दाढीवाल्यांची गर्दी दुसरीच्या पोरांसारखी दोन ओळींत झाली. बाराला एक मिनिट कमी असताना डबा टेबलावर होता.

परत आल्यावर तिला करायला काही उरलं नाही. तिला असं बसता येत नाही. तिने बर्फाच्या पेटीतून ताकातल्या आठ मांड्या काढल्या, पिंपावर भाजल्या आणि शेजाऱ्यांना वाढल्या. रॉइसने एक खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरीला हात घातला तेव्हा मिस्टर हॉइटचाही हात तिथे होता.

"हीच द्यायला हवी होती," रॉइस म्हणाला. पहिल्यांदाच भरभर.

"नियम आहे," मिस्टर हॉइट भरल्या तोंडाने म्हणाले. "नियम आहे."

तीनला सिस्टर ओलीटा आली, रविवारी चर्चला घालते ती टोपी घालून. तिने पिंप पाहिलं, तंबूची झालर वाचली आणि विचारलं, "ताक नीट मुरलं होतं ना?"

मी तोंड उघडलं. मावशीने माझ्याकडे शाळेतल्या नजरेने पाहिलं. मी तोंड मिटलं.

"एकसुद्धा उरली नाही, सिस्टर," मावशी म्हणाली. "हाडं चोखली लोकांनी."

"मला माहीत होतं," सिस्टर ओलीटा म्हणाली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली.

चारला नावं सुरू झाली. भोंग्यावरचा माणूस एरवी गुरांचा लिलाव पुकारतो, त्यामुळे आपणही विकले जातोय असं वाटतं. दहावा कुणीतरी. नववा कुणीतरी. आठवा तो पहिल्या स्पर्धेतला, मावशीकडून 'टोपी काढ' ऐकलेला, तो नाचत गेला. मावशी खुर्चीवर नव्हतीच. ती मागे उभी राहून रिकाम्या पत्रावळी एकात एक घालत होती, सगळ्या गोळा करून, दुसऱ्यांच्यासुद्धा. मला तिच्या अंगणातली माती दिसत होती, पिंपात भरलेली.

"सातवा नंबर," भोंगा म्हणाला, "हार्पर्स बेंड, व्हर्लीन स्टबलफील्ड."

मावशीने मागे वळून पाहिलं, हे कोण म्हणून.

"तू, मावशी," मी म्हणाले. "पुढे सरक."

ती पत्रावळींसकट निघाली. वाटेत रॉइसने त्या तिच्या हातातून काढून घेतल्या आणि त्याच धरून उभा राहिला. सिस्टर ओलीटा मागच्या रांगेकडे वळून सांगत होती, "ताक. रात्रभर ताकात ठेवलं की असं होतं."

मंचावर मावशीच्या हातात निळी फीत दिली. ती घेऊन लोक लगेच उतरतात, कारण सहावा येऊन उभा असतो. मावशी उतरली नाही. तिने फीत उलटीसुलटी करून पाहिली. तिच्यावर नाव नव्हतं, नुसता आकडा होता. मग तिने भोंग्याकडे पाहिलं, नाव जिथून आलं होतं तिथे.

"मॅडम," लिलाववाला हळूच म्हणाला, पण भोंगा चालू असल्याने सगळ्या मैदानाने ऐकलं, "जरा पुढे सरकता का? मागे रांग आहे."

"असू दे," मावशी म्हणाली. "पुन्हा वाच."